माझ्यासाठी मासळी सोडणाऱ्या आबांना

प्रिय आबा,

आज तुमच्याशिवाय पहिल्यांदा तपासणीला गेले. रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर म्हणाल्या, "आता एकदम सहा महिन्यांनी या." बाहेर येऊन सवयीने बाकड्याकडे पाहिलं. तिथे कुणीतरी दुसरंच बसलं होतं. घरी येऊन नितीनला सांगितलं, आईंना सांगितलं, परळला माहेरी फोन केला. तरी कुणाला तरी सांगायचं राहिलंय, असं वाटतच राहिलं. म्हणून लिहायला बसलेय.

आबा, नितीनशी लग्न होऊन सून म्हणून खारी गावात आले तेव्हा तुमची मला भीतीच वाटायची. खाडीत जाळं टाकून आयुष्य काढलेला, कमी बोलणारा माणूस! ताटात मासळी नसली तर तुम्ही पाण्याचा तांब्या जरा जोरात ठेवायचात. तेवढा एक आवाज, आणि आईंना सगळं कळायचं.

मग माझ्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. घरात मासे तळायला घेतले की मला मळमळायचं. त्यातच ऑफिसातल्या मैत्रिणीने फक्त झाडावरचं, जमिनीतलं खाण्याबद्दल सांगितलं. दूध नाही, अंडं नाही, मासे-मटण तर नाहीच. मला ते एकदम पटलं. का पटलं, ते आता कळतंय. सुया नर्सच्या हातात, गाठ डॉक्टरांच्या हातात. ताटात काय घ्यायचं, एवढं तरी माझ्या हातात हवं होतं.

डॉक्टरांनी ना म्हटलं नाही. "करून बघा. पण हे औषध नव्हे, औषध आम्ही देतोय ते. आणि प्रोटीन कमी पडू द्यायचं नाही." घरी मात्र आईंनी कपाळावर हात मारला. "मासळी न्हाय तं अंगात रगत कुठून येल गो?" नितीन मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. मला रडू येत होतं.

त्या दिवशी तुमच्या पुढ्यात निवट्यांचं कालवण होतं. तुमच्या जिवाची मासळी! तुम्ही वाटी उचललीत आणि नितीनच्या पुढे सरकवलीत.

"आजपासून मी पन हिच्यासंगती. एकटी कशी खाल ती?"

आई तुमच्याकडे बघतच राहिल्या. मीसुद्धा! कुणी सांगितलं होतं हो तुम्हाला?

तुम्हाला आठवतं, आपण मीरा रोडला टोफू शोधायला गेलो होतो? मी रिक्षात बसून होते. तुम्ही दुकानदाराला सांगत होतात, "वो पनीर के जैसा रहता ना, पर पनीर नहीं, वो दो." तो हसला. "चाचा, डाएट पे हो क्या?" तुम्ही अगदी गंभीरपणे म्हणालात, "बहू का इलाज चालू है. वो खाती, तो मैं बी खाता." रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता आणि मी ओढणीत तोंड लपवून हसत होते. कितीतरी दिवसांनी हसले होते मी.

टोफूचा पहिला घास घेऊन तुम्ही म्हणालात, "भिजवलेला खडू हाय." पण पानात टाकला नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्हीच वाल भिजत घातलेत. मोड आल्यावर ओटीवर बसून एकेक वाल सोललात आणि नारळाच्या दुधात बिरडं रांधलंत. होडीवर तुम्हीच रांधायचात, हे मला तोवर माहीतच नव्हतं. "आपलं अर्धं जेवान आधीपासून झाडावरचंच हाय, बाय," म्हणालात. तांदळाची भाकरी, शेवग्याच्या शेंगा, अळू, कच्चा फणस... आईसुद्धा हळूहळू चुलीपाशी येऊन बसायला लागल्या. "मीठ कमी हाय," एवढं बोलायला का होईना!

पण मग माझं तोंड आलं. भाकरी सोडा, पाणी झोंबायचं. डाळीचं पाणी कसंबसं जायचं, तेही उलटायचं. वजन उतरलं, रक्तातलं प्रोटीन कमी आलं आणि पुढची केमो लांबली. डाएटिशियन म्हणाली, "निदान काही दिवस मऊ उकडलेलं अंडं घ्या." मी नाही म्हटलं. घरी आल्यावर सगळ्यांवर ओरडले. ठरवलं ते ठरवलं!

तुम्ही माझं ओरडणं संपू दिलंत. मग विचारलंत, "बाय, तुला बरं व्हायचं हाय, का हट्ट पुरा करायचा हाय?"

मला फार राग आला होता, आबा. तुम्ही उठलात, दोन अंडी उकडलीत. एक मला कुस्करून दिलंत, एक स्वतःच्या ताटलीत घेतलंत. माझा पहिला घास जाईपर्यंत तुम्ही तुमच्या अंड्याला हात लावला नाहीत.

ताकद आली, केमो झाली. तोंड बरं झाल्यावर आपण पुन्हा बिरड्याकडे वळलो, शेवटच्या केमोपर्यंत. मी जेवणाने बरी झाले, असं मी कुणाला सांगत नाही. औषधाने झाले. पण औषध सोसायला जे लागतं, ते मला तुमच्या पंगतीत मिळालं.

सगळं संपल्यावर आईंनी तुम्हाला बोंबील तळून वाढले. तुम्ही डोळे मिटून खाल्लेत. मी मासळीकडे वळले नव्हते, अजूनही नाही. मी विचारलं, "आबा, इतके महिने आठवण नाही आली?"

"आली ना. रोज आली."

मग बोलला का नाहीत? आणि छातीत दुखत होतं, तेही का नाही बोललात? "पित्त झालंय" म्हणून आलं चघळत बसलात! माझ्या प्रत्येक तपासणीला बाकड्यावर बसून राहणारा माणूस स्वतःच्या एका ईसीजीसाठी त्याच इमारतीत शिरला नाही. यासाठी मी तुमच्यावर अजून रागावलेय. रागावू द्या.

तुम्ही गेल्यापासून आईंनी मासळी आणलेली नाही. "कोनासाठी आनू?" म्हणतात आणि पेजेवर भागवतात. नितीन समजावून थकला.

मी समजावणार नाही, आबा. उद्या मी स्वतः बाजारात जाणार. निवट्या मिळाल्या तर निवट्या, नाहीतर मिळेल ती मासळी. आईंकडून शिकून साफ करीन आणि त्यांच्यासमोर ताट घेऊन बसेन. त्या म्हणाल्या, "तू न्हाय खाल्लंस तं मी पन न्हाय," तर पहिला घास मी घेईन.

तुमची,
वैशाली