सव्वाआठची मुक्कामी

२ नोव्हेंबर, रविवार. तिरुपूर.
आजपासून रोज एक पान लिहिणार. वही संपेपर्यंत.

कारण असं की अकोल्याच्या दीक्षाचा फोन आला. स्थळ आहे. अमरावतीच्या वधू-वर मेळाव्यात बाबांनी माझा फॉर्म भरला होता. छंदाच्या रकान्यात काय लिहू म्हणून त्यांनी फोन केला तर मी म्हटलं, पिक्चर पाहणे. बाकीची पोरं वाचन लिहितात. खोटारडे.

दीक्षा लॅबमध्ये रक्त तपासते. आवाज खणखणीत. म्हणाली, छंद पिक्चर लिहिला आहे तर आवडीचे तीन सांगा. मी म्हटलं, तीनशे सांगतो. म्हणाली, तीनशे आवडतात त्याला एकही आवडत नसते. तीनच सांगा. आधीच्या एका पोरानं सगळेच आवडतात म्हटलं. दुसऱ्यानं, तुम्हाला आवडतील तेच म्हटलं. दोघंही कटाप.

तीस तारखेला अकोल्याला तिच्या घरी जायचं आहे. त्याआधी तीन नावं. सोपं काम. या विषयात माझा हात धरणारा अख्ख्या वरूड तालुक्यात नाही.

५ नोव्हेंबर. जेवणाची सुट्टी.
मधले दोन दिवस लिहिलं नाही. विचार चालू होता, तोही लिहिण्यातच धरतात.

शिवम माझ्या खोलीत राहतो, धारणीचा. यादी करून राहिलो म्हटलं तर म्हणे, तुले काय समजते बे पिक्चरातलं, तू तर जाहिराती पाहूनच खूश होतं. लक्ष दिलं नाही. कंपनीत तो टी-शर्टची उजवी बाही लावतो, मी डावी. डावी अवघड असते.

७ नोव्हेंबर.
यादी फायनल. पिक्चरची नावं इथं लिहीत नाही. वही कोणाच्या हाती लागली तर निवड चोरून नेईल.

एक, प्लॅटफॉर्मवाला. नवरा-बायकोचा. सारखे भांडतात, सारखे गोड होतात. तीन वेळा पाहिला.
दोन, पहिलवानवाला.
तीन, चोर शाळेत मास्तर होऊन लपतो तो. पोरं त्याला लय जीव लावतात.

तिन्ही वरूडच्या टॉकीजमध्ये सव्वाआठपर्यंत पाहिले. तिरुपूरला येण्याआधी दिवसभर संत्र्याची छाटणी, मग सहाचा शो. पण आमच्या गावात रात्री मुक्कामाला राहणारी एसटी वरूडला सव्वाआठला टॉकीजसमोरून जायची. ती हुकली की दहा किलोमीटर पायी. कंडक्टर खुशालराव मला टॉकीजच्या दारात पाहून घंटी मारायचे. म्हणायचे, या हिरो, मेला का जगला? मी म्हणायचो, आतापर्यंत तर जिवंत आहे.

म्हणून शेवटाच्या भानगडीत मी कधी पडलो नाही. शेवट हा अडाणी माणसासाठी असतो. दर्दी माणसाला सव्वाआठपर्यंत सगळं समजलेलं असतं. पहिलवान जिंकला असणार. मास्तरला शाळेनं कायम केलं असणार. आणि प्लॅटफॉर्मवाल्यात ती बाकावर पाण्याची बाटली धरून बसली होती, तो तिकीट काढायला गेला होता. गेले असतील दोघं गावाला.

९ नोव्हेंबर, रविवार.
दीक्षाला तिन्ही नावं सांगितली. एकदम ठसक्यात.

तिनं पहिलाच पाहिलेला निघाला. खूश झाली. म्हणाली, आमच्या लॅबमधल्या पोरींना तर तो बोअर वाटते. मग म्हणाली, शेवटी त्यानं जे केलं ते तुम्हाला पटलं का?

मी जरा थांबलो. फक्त वजन यावं म्हणून. मग म्हटलं, पटलं. शंभर टक्के. तिच्या भल्यासाठीच केलं ना त्यानं. मी असतो तर मीही तेच केलं असतं.

मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाली, तुम्हाला खरंच तसं वाटते? मी म्हटलं, कोणताही खरा मर्द तेच करेल.

म्हणाली, बरं, ठेवते, सँपल आले. रविवारी सँपल येतात हे मला माहीत नव्हतं. मेहनती मुलगी आहे.

१० नोव्हेंबर.
शिवमला सहज विचारलं, तो प्लॅटफॉर्मवाला तू पाहिला का? हो म्हणे. शेवटी काय होते? काही होत नाही म्हणे. तो तिकीट एकच काढते. गाडीत बसून चालला जाते. ती बाटली घेऊन बसूनच राहते, मग झाडूवाला येऊन म्हणते, बाई, पाय वर घ्या.

त्यानं विचारलं, काहून, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, माझ्या लक्षात होतंच.

आज तीन बाह्या उलट्या लागल्या. मशीन खराब आहे.

१२ नोव्हेंबर.
दीक्षाला फोन करून, शेवट पाहिला नव्हता, असं सांगावं का? विचार केला. नको. छंद पिक्चर पाहणे आणि शेवट पाहिला नाही, म्हणजे फॉर्ममध्ये खोटं लिहिल्यासारखं होतं. त्यापेक्षा, एक तिकीट काढण्यातही प्रेम कसं असतं, हे तीस तारखेला समजावून सांगू. एकदा मुद्दे काढले की झालं.

मुद्दे: १. गाडीत गर्दी असेल.
दुसरा उद्या.

१६ नोव्हेंबर, रविवार.
निश्चय केला, एक पिक्चर शेवटपर्यंत पाहायचा. इथल्याच थिएटरमध्ये, सहाचा शो. पिक्चर तमिळ. भाषा समजत नाही, पण शेवट तर शेवटच असतो.

चांगला चालला होता. सव्वाआठला पाय आपोआप उठले. शेजारच्यानं शर्ट ओढला, काहीतरी बोलला. मी सॉरी सॉरी करत बाहेर. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं, खोली दहा मिनिटांवर आहे आणि गाडी कोणतीच पकडायची नाही. परत आत जाता आलं असतं. पण गेटवाल्याला काय सांगणार, तेही तमिळमध्ये.

शिवम हसून हसून आडवा पडला. म्हणे, दहावीचे पाच पेपर देऊन सहाव्याले गेला नव्हता, तो तूच न? दहावीचं वेगळं आहे. सहावा इतिहास होता. त्यात जे व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं.

२१ नोव्हेंबर.
मोबाईलवर प्लॅटफॉर्मवाला लावला. ती बाकावर बसली, तो तिकिटाच्या रांगेत. रांगेत त्याच्या पुढे दोन माणसं होती. तिथं बंद केला. डोळे दुखत होते.

बारा दिवस झाले, दीक्षाचा फोन नाही. कामात असेल.

३० नोव्हेंबर, रविवार. अमरावती.
पार्वताआत्याच्या घरी लिहितो आहे. आजचा मुक्काम इथंच, हे आधीच ठरलं होतं. आई, बाबा आणि मी सकाळी अकोल्याला गेलो. दीक्षाच्या घरी जेवण झालं. वांग्याची भाजी, पातोड्या, भात. तिची आई मला वाढतच होती. ही चांगली खूण आहे.

मग आम्हाला दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. दीक्षा दिसायला फोनवरच्या आवाजापेक्षा साधी आहे. सरळ विचारलं तिनं, तुम्ही तो पिक्चर खरंच पाहिला आहे का? मी म्हटलं, तीन वेळा. हे खरंच आहे. म्हणाली, मग तिसऱ्या वेळीही त्या बाईचं तुम्हाला काही वाटलं नाही? मी म्हटलं, गाडीत गर्दी असेल. दुसरा मुद्दा मी काढलाच नव्हता.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग हसली. म्हणाली, चला खाली, मी चहा आणते. चहा झाला की तुम्हाला एक सांगायचं आहे. सगळ्यांसमोर नाही, जाताना.

खाली येऊन बसलो. आतून कपांचा आवाज येत होता. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले होते. मला काय झालं माहीत नाही. उठलो आणि म्हटलं, चला, गाडीची वेळ झाली.

बाबा म्हणाले, काहून उठला बे? कोन्ती गाडी पकडाची हाये तुले? अमरावतीले दर अर्ध्या घंट्याले गाडी हाये. पण मी चपला घातल्या होत्या. मग तेही उठले. करणार काय. सगळ्यांना जयभीम घालून निघालो.

स्टँडवर गाडी पाऊण तास उभीच होती. आईच बोलली. म्हणे, ते पोरगी ट्रे घेऊन दारात उभीच राह्यली न रे ललित. पाच कप होते.

माझ्या मते होकारच आहे. गच्चीवर हसली होती.

५ डिसेंबर, शुक्रवार. तिरुपूर. जेवणाची सुट्टी.
दीक्षाचा मेसेज आला. बोललेला आहे, तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा. एवढं लांब कोणी नकार देत नाही. शिवमला चुकवून, कापडाच्या गठ्ठ्याआड बसून ऐकला.

म्हणाली, तुम्ही गेले तर आधी राग आला, मग हसू आलं. आईला तुम्ही आवडले. पोरगं पोटभर जेवलं म्हणाली. तुमच्या आईनं निघताना माझ्या हाताला हात लावला ते मला खूप बरं वाटलं. म्हणाली, माझ्या लक्षात आलं आहे, तुम्ही शेवट पाहिलाच नव्हता. एवढं सांगितलं असतं तर मीच सांगितला असता ना. तुम्ही वाईट माणूस नाही, ललित. चहानंतर मी तुम्हाला हो म्हणणार होते. ट्रे घेऊन येतच होते, पण

इथं बंद केला. दोन मिनिटं पन्नास सेकंद झाले होते.

एकदम छान आहे. परत दोनदा ऐकला, पणपर्यंत. माझ्या यादीत आता एक नंबरला हाच.

शिवम डबा धुऊन आला. काय म्हने अकोलावाली? मी म्हटलं, चांगलं बोलली. हसू आलं म्हणाली, आईला आवडलो म्हणाली. म्हणे, अन् शेवटी काय म्हने?

मी म्हटलं, माहीत नाही. गाडीची वेळ झाली होती.