प्रिंटरला सांगायचं राहिलं

५ ऑगस्ट, सोमवार
प्रिंटर रुसला! मला अक्षरओळख नाही, म्हणून मी बोलते आणि सूनबाई लिहिते. तर प्रिंटर. सूनबाईला शाळेच्या नाटकाचे कपडे शिवायची ऑर्डर मिळालीय. पहिलीच मोठी. शनिवारी द्यायचेत. कापडावर ठेवून कापायचे साचे फोनवर आलेत, पण ते कागदावर उतरतील तेव्हा कात्री चालणार. आणि प्रिंटर म्हणतो — इंटरनेट नाही.
लेक म्हणाला, "मी बघतो." संपलं!

६ ऑगस्ट
लेकाने बघितलं. बंद केला, चालू केला. बंद, चालू. मग शाई बदलली. मी म्हटलं, "अरे, तहान नाही लागली त्याला. वाट चुकलाय तो."
"आई, तुला यातलं कळत नाही."
खरंय. त्याला कळतं. तरी दोघं हात चोळतच बसलोय.

७ ऑगस्ट
आज प्रिंटर माझ्या खोलीतून उचलला आणि बाहेर राउटरच्या — त्या लुकलुकणाऱ्या डबीच्या — मांडीला मांडी लावून बसवला. दोघं एकमेकांकडे बघेनात!
सूनबाई हळूच म्हणाली, "अहो, शेजारून वायर आणते. तिने जोडू."
लेक उसळला — "बिनवायरीचा मुद्दाम घेतला आणि त्याला वायर लावू? लोक हसतील!"
कुठले लोक? घरात हसणारी मी एकटी.
सूनबाईने कापडाची घडी घालून ठेवली. हे लिहिताना तिचा हात थांबलाय. लिही गं.

८ ऑगस्ट
परवा शनिवार. शाळेच्या बाईंचा फोन — "जमेल ना? नाहीतर आम्ही भाड्याने आणतो." सूनबाई म्हणाली, "जमेल." आवाज एवढासा.
मग जेवताना तिने विचारलं, "अहो, खालचे फुकट वापरतात म्हणून तुम्ही रविवारी वायफायचं नाव आणि पासवर्ड बदललात ना? आमच्या फोनमध्ये घालून दिलात. प्रिंटरमध्ये घातलात?"
लेकाचा घास हातातच! सगळ्या घराला कळवलं, आणि ज्याला कामाला जुंपायचं तोच राहिला. बिचारा जुन्याच नावाने हाका मारत बसलेला. ओ कोण देणार?
सूनबाईने उष्ट्या हाताने नाही, धुऊन, पुसून, स्वतः नवा पासवर्ड घातला. घर्र... घर्र... आला की कागद!
लेक म्हणतो, "शाई बदलली म्हणून उमटलं तरी ठसठशीत." पडलो तरी नाक वर!

१० ऑगस्ट
कपडे वेळेत गेले. एक राजा, एक अस्वल, बाकी सगळी झाडं. अस्वलाचं शेपूट लेकाने शिवलं. जरा डावीकडे गेलंय. सूनबाई म्हणाली, "राहू द्या, अस्वल वळताना तसंच दिसतं." शहाणी आहे.

१२ ऑगस्ट
पाय दुखतात. आज एवढंच.

१९ ऑगस्ट
मला वाचता येत नाही, पण दिसतं तर! आज पानावरचं अक्षर वेगळं आहे. सूनबाईकडे आणखी दोन शाळांची कामं आलीत, मान वर करायला सवड नाही. म्हणून लेक लिहायला बसलाय. आधी मागची पानं वाचून काढली त्याने. कान लाल झालेत.
विचारतो, "आई, थोडं खोडू का?"
हात चालव, म्हटलं. तुझ्या बायकोबद्दल बरंच सांगायचंय अजून.