मौजे माण येथील लाल दोनदारी गाडीची व्यवस्था

मी, माउली धुळा मरगळे, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त एस.टी. चालक, राहणार मौजे माण, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉ. सिद्धांत गायकवाड यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. बायको मागे उभी राहून "काय लिवताय एवढं?" असे विचारते आहे, तो दबाव समजू नये. वकिलांनी एक छापील मसुदा दिला होता. त्यात मी आत्ताच गेल्यासारखा बोलत होतो, म्हणून तो बाजूला ठेवला. यापूर्वी मी कधी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. हे लिहिण्याचे कारण.
माझा एकुलता एक मुलगा अतुल नोकरीसाठी परदेशात असतो. त्याचा आणि त्याची बायको वृषाली हिचा गेल्या वर्षी कोर्टातून काडीमोड झाला. तो तिकडेच राहिला, ती इकडे आमच्याजवळ राहिली. कायद्याने ती आता माझी कोणी लागत नाही. मी कागद न करता डोळे मिटले, तर या घरातल्या तिच्या खोल्या आणि घरामागच्या पत्र्याखालची लाल गाडी, दोन्हींवर तिचा काहीही हक्क उरणार नाही. तसे होऊ द्यायचे नाही, म्हणून हा खटाटोप.

कलम २. घर.
घराची जागा मी पगारातून घेतलेली आहे, वडिलोपार्जित नाही. खालच्या खोल्यांत आयटी पार्कातली मुले भाड्याने राहतात. ते भाडे माझी पत्नी बानूबाई हिने हयातभर घ्यावे, तिच्या मागे ते अतुलला जावे. वरच्या मजल्यावरच्या पूर्वेकडच्या दोन खोल्या वृषालीच्या, ती राहो अगर कुलूप लावून जावो. ते कुलूप अतुलने बदलू नये. माझा त्याच्यावर राग आहे. पण पोटचा पोर आहे, आणि बापाने राग वाटणीत टाकू नये असे मला वाटते. बँकेत जे असेल ते बानूबाईचे.

कलम ३. गाडीची हकीगत.
हे कलम लांब होणार आहे. वकिलांनी रागावू नये.

जमीन आयटी पार्कात गेली तेव्हा गावात प्रत्येकाने काहीतरी घेतले. कोणी बंगला बांधला, कोणी गळ्यात बोटाएवढी साखळी घातली. अतुलने ही जुनी जपानी गाडी आणली. आरसी बुक माझ्या नावावर आहे. दोन दारे, दोन माणसे, आणि मागे एक करडूही बसणार नाही एवढी जागा. माझे वडील धुळाबाबा तेव्हा हयात होते. मेंढरांमागे साऱ्या मावळात फिरलेला माणूस. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "लेका, ह्यात बसत्यात का हे आंगात घालत्यात?"

अतुलला ती आहे तशी पुरेना. महाळुंग्याच्या शेखरच्या गॅरेजात नेऊन त्याने तिचे रूपच पालटले. दुसऱ्याच गाडीचा टर्बो बसवला, मागे घागरीएवढे तोंड असलेला सायलेन्सर लावला, हवेच्या फिल्टरचा मूळचा बंद डबा काढून तिथे उघडा कापडी फिल्टर बसवला आणि गाडी इतकी खाली घेतली, की गावातल्या प्रत्येक स्पीडब्रेकरला तिचे पोट घासे. दोन वर्षे हौस झाली. मग ती अडखळू लागली. शेखर म्हणाला, इंजिन गेले, दुसरे टाका. अतुलचे मन उडाले, आणि मग तो स्वतःच उडाला. पूर्वी मेंढरे कोंडायचो त्या घरामागच्या वाडग्यात गाडी पत्र्याखाली पडून राहिली. उंदरांनी वायरी खाल्ल्या, टाकीतल्या पेट्रोलचा चिकट काला झाला. जाता येता मी तिच्याकडे पाहत नसे.

वृषालीने पाहिले. ती हिंजवडीत एका कंपनीत संगणकाच्या प्रोग्राममधल्या चुका शोधण्याचे काम करते. नवरा नांदवत नाही हे कळून चुकल्याचे ते दिवस. घरात कोणाशी धड बोलत नव्हती. एका सुट्टीच्या दिवशी तिने गाडीवरची ताडपत्री ओढून काढली, बराच वेळ आत डोकावली आणि मला म्हणाली, "मामा, हिला सगळ्यांनी औषधं दिली. हिचं दुखणं काय ते कुणी विचारलंच नाही."

मग आम्ही दोघे गाडीच्या मागे लागलो. टाकी उतरवून धुतली. जाम झालेले ब्रेक सोडवले. भेगा पडलेले रबरी पाइप बदलले. उंदरांनी खाल्लेली एकेक वायर तिने जोडली. माझे हात आता थरथरतात, त्यामुळे मी टॉर्च धरायचो आणि सल्ले द्यायचो. एस.टी.च्या माणसाला सल्ल्याचा तोटा नसतो. ज्या रविवारी इंजिन सुरू झाले, त्या दिवशी बानूबाई देवघरातून भंडाऱ्याची वाटी घेऊन धावत आली आणि तिने चालत्या गाडीवर मूठभर भंडारा उधळला. तेव्हापासून दर रविवारी तो नेमच पडला. इंजिन सुरू असल्याशिवाय ती उधळायची नाही. म्हणायची, "गप पडल्यालीवर कसला भंडारा? द्येवाला आवाज गेला पायजे."

पण गाडी पुरती बरी होईना. हळू चालवली तर ठीक, जरा पाय दाबला की ठसकायची, काळा धूर सोडायची. आठवड्या-आठवड्याला दुखणे वाढतच गेले. मी म्हणालो, प्लग, कॉइल, पेट्रोलचा पंप, सगळे एकदम बदलून टाकू. वृषाली म्हणाली, "मामा, एका वेळी एकच. तीन गोष्टी बदलल्या आणि गाडी बरी झाली, तर उपकार कुणाचे मानायचे?" ती एक वस्तू बदलायची, नांदे गावापर्यंत जाऊन यायची, फरक नसला तर जुनी वस्तू पुन्हा जागेवर लावायची. चिडली नाही, आदळआपट केली नाही. माझ्या उभ्या नोकरीत मी नामी मेकॅनिक पाहिले, पण हरलेल्या दिवशीही पाने पुसून पेटीत ठेवणारे माणूस मी हे एकच पाहिले.

इकडे बानूबाईचा निष्कर्ष असा, की देव कमी पडत नाही, भंडाराच कमी पडतोय. ती दोन मुठी उधळू लागली. एका रविवारी वृषाली गाडीच्या पुढे उकिडवी बसून होती. बानूबाईने भंडारा उधळला, आणि तो पिवळा ढग खाली बसण्याऐवजी सरळ दिव्याखालच्या भोकात शिरला. वृषालीने तो शिरताना पाहिला. तिने गाडी बंद करायला लावली आणि पुढचा बंपर उतरवला. शेखरने बसवलेला उघडा फिल्टर रबरापाशी फाटला होता. त्याच्या मागे इंजिनात जाणारी हवा मोजणारा एक सेन्सर असतो, त्यात केसाएवढी बारीक तार असते. त्या तारेवर हळदीचा थर बसला होता. गाडीला हवा किती आत येते हेच कळत नव्हते, मग ती पेट्रोल तरी कशाच्या हिशेबाने घेणार?

माझ्या तोंडात बानूबाईसाठी शब्द तयार होते, ते येथे लिहीत नाही. पण बानूबाईने तो थर बघितलाच. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "माझ्या द्येवाचा भंडारा बादला व्हय गं हिला?"

वृषाली म्हणाली, "देवाचं काही बाधत नसतं, आत्या. शेखरनं हिचं नाक उघडं टाकलंय. उद्या त्यात रस्त्याची धूळ गेली असती, तुमच्यामुळं ते आधी दिसलं."

तिथे मी वृषालीला मनातल्या मनात हात जोडले. गाडीतला बिघाड शोधणारे पुष्कळ असतात. तो सापडल्यावर म्हातारीला मान खाली घालावी लागू नये, इतके भान ठेवणारे मी फारसे पाहिले नाहीत. तिने तार औषधाने साफ केली, माळ्यावरून कंपनीचा मूळचा बंद डबा शोधून बसवला आणि बानूबाईला सांगितले, की आता टपावर हवा तेवढा उधळा. त्यानंतर आम्ही ताम्हिणी घाटात गेलो. गाडी एकदाही ठसकली नाही. ज्या वळणांवर मी एस.टी. रेटत नेली, तिथे ही पोर गाडी अशी वळवत होती, की माझ्या हातातला चहाचा कागदी कप सांडला नाही. मी खिडकीबाहेर तोंड करून रडलो. वय झाले की असे होते.

पुढे अतुलला कोणीतरी गाडीचे फोटो पाठवले. त्याचा फोन आला. "आबा, असली जुनी मॉडेलं आता लोक शोधत फिरतात. ती माझी गाडी आहे, विकून टाका." त्याला मी फोनवर सांगितले तेच येथे नोंदवतो: आणलीस तू, सोडलीस तू, माणसात आणली तिने.

कलम ४. शेखर.
घागरीच्या तोंडाचा सायलेन्सर आम्ही उतरवून ठेवला आहे. तो शेखरच्या गॅरेजात नेऊन त्याच्या हातात द्यावा आणि माझा नमस्कार सांगावा. त्यात त्याने झाड लावावे.

कलम ५. हत्यारे.
पान्यांचे दोन संच, जॅक आणि माझा जुना एस.टी.तला टॉर्च, हे सर्व वृषालीचे. यावर वाद नाही.

कलम ६. गाडी कोणाला.
येथे पहिल्यांदा जे लिहिले होते ते मी खोडले आहे. खोडाखोड माझ्या हातची असून बाजूला सही केली आहे. काय होते आणि का खोडले, तेही सांगतो, म्हणजे उद्या शंका नको.

वृषालीला नाशिकला चांगली नोकरी आली आहे. गाड्यांची चाचणी घेणाऱ्या ठिकाणी. महिनाभर ती हो म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. मी लिहिले होते, की माझ्या पश्चात लाल गाडी वृषालीची, मात्र तिने माणच्या घरी राहावे आणि गाडी याच वाडग्यात ठेवावी. मला वाटले, मी तिचे भले करतो आहे. आज सकाळी चहा घेताना तिला आणि बानूबाईला हे कलम वाचून दाखवले.

वृषालीने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे गाडी मिळायला तुम्ही मरायचं, आणि मी कुठं जायचं नाही. मामा, हे कलम खोडा."

मी म्हणालो, "अगं, तुझ्यासाठीच लिहिलंय."

"माहिती आहे. म्हणूनच म्हणते, खोडा. तुमच्या मरणाची वाट बघायला लावणारी वस्तू मला नको."

बानूबाई कप खाली ठेवून म्हणाली, "बराबर हाय तिचं. लेकीला दावं लावताय व्हय? द्याची तर आजच द्या की. कुनाची वाट बघताय?"

मी पेन उचलले आणि कलम खोडले. त्याप्रमाणे आज दुपारी गाडी वृषालीच्या नावे करण्याच्या कागदांवर मी सह्या केल्या आणि दोन्ही किल्ल्या तिला दिल्या. कोणतीही अट नाही. तिने ती चालवावी, रंग बदलावा, कंटाळा आल्यास विकावी, पुन्हा संसार मांडल्यास त्यात न्यावी. सबब ही गाडी आता माझ्या मालमत्तेत नाही आणि माझ्या मागे तिची वाटणी होऊ शकत नाही. किल्ल्या घेतल्यावर वृषालीने नाशिकला होकार कळवला. ती जाणार याचे मला फार वाईट वाटते आहे. ती जाते आहे याचा अभिमान त्याहून मोठा आहे.

सोमवारी सकाळी ती नाशिकला निघेल. वाडग्याचे फाटक अरुंद आहे, गाडी मागे घेत काढावी लागते. तेव्हा मागे उभे राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणण्याचा हक्क तेवढा मी माझ्याकडे राखून ठेवला आहे.

लिहून देणार: माउली धुळा मरगळे (सही)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांनी माझ्यासमोर केली:
१. डॉ. सिद्धांत कोंडीराम गायकवाड, राहणार माण (सही)
२. निषाद पारखी, शेजारी, राहणार माण (सही)

बानूबाईला साक्षीदार होता येत नाही असे वकील म्हणाले. तरी तिने अंगठा उठवलाच आहे. तो तसाच राहू द्यावा.

ठिकाण: मौजे माण, तालुका मुळशी
दिनांक: १७ जानेवारी २०२६