कॅसेट माझ्याकडे, मशीन तिच्याकडे

१२ मार्च १९८५, जळगाव
आज सुनंदा कुंपणापलीकडून म्हणाली, "मला दे ना खेळायला" — आणि सगळं पलटलं! कॉलेज सोडल्यापासून कुणी माझ्याकडे काही मागितलंच नव्हतं.

दादाने कुवेतहून आणलेला हा हातातला व्हिडिओ गेम. अख्ख्या जळगावात दुसरा नसेल. कॅसेट बदलली की खेळ बदलतो. कॅसेट काढली की नुसता डबा. मशीन तिला दिलं, कॅसेट एकच. बाकीच्या माझ्याकडे. म्हणजे तिला येणं भाग!

२० मार्च
आली. विटा फोडायची कॅसेट बदलून घेतली. देताना तिची बोटं लागली. तेवढ्यात तिचे वडील, जीवराम नाना, ओट्यावरून मला — "कॉलेज सोडी दिधं ना रे? आते काय इटा फोडस?" ती हसली. तिने हसायला नको होतं.

४ एप्रिल
"सगळ्या एकदम दे ना रे." नाही दिल्या. होती तीही काढून घेतली. खिडकीत वाट बघत बसते. बरं वाटतं.

१९ एप्रिल
तिची सुपारी फुटली! धुळ्याचा मुलगा, बँकेतला. मला आईकडून कळलं. मागच्या दारी तिला गाठलं तर म्हणते, "तुझ्याशी काय ठरलं होतं? खेळच खेळत होतो ना? मशीन घेऊन जा तुझं."
नाही घेतलं. राहू दे तिच्या कपाटात, कपड्यांखाली.

२३ एप्रिल
धुळ्याला त्याच्या बँकेत जाऊन आलो. एसटी तापलेली, डोकं त्याहून. मुलगा सज्जन निघाला — चहा मागवला! तरी त्याच्या हातात कॅसेट ठेवली. म्हटलं, "हिचं मशीन सुनंदाच्या कपाटात आहे. कुणी दिलं, विचारा तिला." तो कॅसेट उलटीपालटी करत राहिला. मी चहा संपवला.

२७ एप्रिल
लग्न मोडलं! धुळ्याची माणसं आली, कपाट उघडायला लावलं. मशीन निघालं. कॅसेट बसवून पाहिली — पीं पीं आमच्या घरापर्यंत. पाहुणे गेल्यावर नानांचा पट्टा, तिच्यावर. तोही ऐकू आला. मी जेवत होतो. जेवलो.

२ मे
नानांनी बोलावलं. वर बघेनात. "आते तूच लई जाय तिले. दुसरा कोन येई?"
जिंकलो!
सुनंदा कोपऱ्यात. गालावर वळ. म्हणाली, "करीन लग्न. भाकरी वाढीन. पण तुझ्याशी बोलणार नाही. मरेपर्यंत. हे शेवटचं."
नको म्हणता आलं असतं. नानांच्या पाया पडलो, बाहेर आलो, दार ओढून घेतलं.