आदर्श घराचा कार्यक्रम

५ मार्च, गुरुवार
मंजूर! फाउंडेशननं माझा ‘आदर्श ज्यू घर’ हा कार्यक्रम एकमतानं उचलून धरला. आमचे चेअरमन लँडाव म्हणाले, गेर्शन, हल्लीच्या पोरांना परंपरा पुस्तकातून नको, चालती-बोलती दाखवा. तुमच्याच टेबलापासून सुरुवात करा. घरी येऊन शिफ्राला सांगितलं. ती कोंबडी साफ करत होती. म्हणाली, या शुक्रवारी जेवायला किती जण? म्हटलं, फक्त चौदा विद्यार्थी. ती काही बोलली नाही. मौन म्हणजे संमती, हे आमचं शास्त्रही सांगतं.

७ मार्च, शनिवार, शब्बाथ संपल्यावर
शब्बाथला, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत, लिहायचं नसतं, म्हणून कालपासून मनात धरून ठेवलंय. जेवण उत्कृष्ट झालं. वाइनच्या आधी नवऱ्यानं घरधनिणीच्या स्तुतीचं गाणं म्हणायचं असतं. मी दुसऱ्या ओळीला थांबून विद्यार्थ्यांना अर्थ सांगायला घेतला, आणि चर्चा अशी रंगली की मासे आले तरी संपेना. पाहुणे गेल्यावर शिफ्रा म्हणाली, चोवीस वर्षांत ते गाणं तू एकदाही शेवटपर्यंत म्हटलं नाहीस. आणि या टेबलावर माझं एक वाक्य कधी पुरं झालेलं नाही.
मुद्दा ग्राह्य आहे. सूत्रसंचालन ढिलं पडतंय. संकल्प: पुढच्या वेळी शिफ्राला स्वतंत्र वेळ देणे.

१२ मार्च
शिफ्राच्या तक्रारीवर टिपण केलं. आधारवचनं, दोन भाष्यं, शेवटी चर्चेसाठी प्रश्न. झेरॉक्स तिला दिली. तिनं उभ्याउभ्या सगळी वाचली आणि ओट्यावर ठेवली. म्हणाली, गेर्शन, मी भांडत होते रे. चर्चा नव्हते करत.
फरक बारीक आहे. यावर एक व्याख्यान होऊ शकेल.

१५ मार्च, रविवार
शिफ्रा नदीपलीकडे न्यू जर्सीला बहिणीकडे, ब्लूमाकडे, गेली. बरोबरच आहे. पेसाखचा सण तोंडावर, घरातून खमिराचा कणन् कण काढायचा, आणि ब्लूमाचं स्वयंपाकघर अवाढव्य. मदत लागणारच. जाताना तिच्या आईची, शब्बाथच्या मेणबत्त्यांची चांदीची शमादानं नेली. घासायला असतील.

२० मार्च, शुक्रवार, सूर्यास्तापूर्वी
विद्यार्थ्यांना कळवलं की शिफ्राला फ्लू झालाय. शब्बाथचे दिवे बाईनं लावायचे. घरात बाई नसेल तर पुरुषानं. तसा नियमच आहे, म्हणजे इतरांचंही असं होत असणार. दोन पेल्यांत मेणबत्त्या उभ्या केल्या. एक सारखी कलंडते.

२४ मार्च
फोन केला. ब्लूमानं उचलला. शिफ्रा फिरायला गेली होती. ब्लूमा म्हणाली, ती इथं जेवताना किती बोलते, ठाऊक तरी आहे का तुला? आमचे हे तर सूप निववून ऐकत बसतात. ब्लूमाला पहिल्यापासून तिखटमीठ लावायची सवय. तरी विचारलं, काय बोलते? ब्लूमा म्हणाली, मला काय विचारतोस शहाण्या, तिलाच विचारायचंस की! इतकी वर्षं एका टेबलाशी बसलात ना?
निरोप ठेवला: पेसाखच्या पहिल्या रात्री, सेदरच्या जेवणाला, चेअरमन सपत्नीक आपल्याकडे. कार्यक्रमाचा शुभारंभ. तू मधोमध बसायचंस.

३० मार्च
चेअरमन सेदरला मुलाकडे फ्लोरिडाला जाणार. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, गेर्शन, घराकडे बघा जरा. कार्यक्रम सध्या दुसऱ्या कुणाकडे देऊ. याचा अर्थ मला वरचं, मार्गदर्शकाचं पद देणार. विद्यार्थ्यांचीही दुसरीकडे सोय झाली. उत्तमच. आम्ही दोघंच असू. शिफ्राला गर्दीचाच कंटाळा आला होता.

१ एप्रिल, बुधवार, दुपार
घर स्वच्छ. स्वतः केलं. फ्रीजमागे हात घालून खरचटलं. दोन पानं मांडली. सकाळी शिफ्राचा आवाज ऐकला, सतरा दिवसांनी. म्हणाली, मी ब्लूमाकडेच आहे सणाला, गेर्शन. मी लगेच तिला रस्त्यातल्या गर्दीचा अंदाज सांगू लागलो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.
येईल. सणाला ती कधी उशीर करत नाही.

४ एप्रिल, शनिवार, अंधार पडल्यावर
सणाचे दोन दिवस, त्याला लागून शब्बाथ. आज वही हातात घेतली.
ती आली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही.
सेदरला सुरुवातीला कुणीतरी विचारायचं असतं, ही रात्र वेगळी का. त्याशिवाय पुढची, इजिप्तमधून सुटकेची, कथा सांगता येत नाही. मुलानं विचारायचं. मूल नसेल तर बायकोनं. आम्हाला मूल नाही. शिफ्राच विचारायची, दर वर्षी, आणि मी तिचा प्रश्न संपायच्या आत उत्तर सुरू करायचो. बायकोही नसेल तर माणसानं स्वतःलाच विचारायचं. हा नियम मी कितीतरी पोरांना शिकवलाय. आपल्यावर येईल असं वाटलं नव्हतं.
मोठ्यानं विचारलं.
उत्तर मला तोंडपाठ आहे. तरी दिलं नाही. तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत, कुणीतरी बोलावं म्हणून थांबून राहिलो. खूप वेळ. या टेबलावर मी याआधी असा कधी थांबलो नव्हतो.