पिवळ्या दिव्यावरची पट्टी

७ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इंजिन चालू आहे आणि वही स्टिअरिंगला टेकवून लिहितो आहे, म्हणून अक्षराला हसू नकोस. थंडीत जुनी गाडी रोज थोडा वेळ चालू ठेवावी, असं तूच सांगितलं होतंस. भाऊजींच्या मागे गाडी मला दिलीस, पण तिचं खाणंपिणं सांगितलं नाहीस. ऑइल कुठलं, कूलंट कुठलं? शिवाय काट्याखाली एक पिवळा दिवा लागला आहे, तो काय मागतो?

खरं कारण वेगळं आहे. मी विसरू लागलो आहे. काल हिला हाक मारायला गेलो आणि नाव येईना. आपल्या लहानपणीच्या कुत्र्याचं नाव आठवत बसलो, तेही नाही. सांगू नकोस, माझं मलाच आठवू दे. डोकं दुखतं. बाबांचं असंच सुरू झालं होतं ना? हिला कळवू नकोस, शपथ आहे. घरात ही वाचेल, म्हणून गॅरेजमध्ये बसून लिहितो.

तुझी माया आहेच, सध्या थोडी जास्त लागेल.

तुझा
धाकटा

१२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

बाबांवर तू गेलास तो फक्त नाकाने. विसरण्याचं म्हणशील तर सातवीत असताना दप्तर घरी ठेवून शाळेत जायचास. असं लिहिते आहे खरी, पण तुझं पत्र आल्यापासून घास गोड लागत नाही. डॉक्टरांना दाखव.

आता गाडीचं. ऑइल तिच्या पुस्तकात दिलं आहे तेच घाल, दुकानदाराचं ऐकू नकोस. कूलंट हिरवं. नुसतं नळाचं पाणी ओतू नकोस. ब्रेक ऑइल काळं पडलं असेल तर सगळं बदल, वरून भर घालू नकोस. पिवळा दिवा आठवण करून देण्यासाठी असतो. ठरावीक अंतर झालं की आपोआप लागतो, म्हणजे धुराच्या बाजूचं सगळं तपासून घ्यायचं. ह्यांनी ते कधी टाळलं नाही.

तुझ्या मास्तरीणबाईंना मी काही सांगत नाही. मन मोकळं करायला रोज लिहीत जा. कुत्र्याचं नावही सांगत नाही. एवढंच सांगते, हौदात पडला त्या दिवशी ठेवलं होतं.

तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून,
ताई

१९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलो आहे. डोकं इतकं शांत आहे की डॉक्टरांपुढे लबाड ठरेन. शेजारच्या गृहस्थांनी माझा पेपर मागून घेतला आणि शब्दकोडं सोडवून परत केला. दोन चुका आहेत.

पुढचं गॅरेजमधून. डॉक्टरांनी बाबांबद्दल विचारलं आणि लिहून घेतलं. मोठ्या तपासण्या करू म्हणाले. तू म्हणालीस म्हणून रोज इथे येतो. वारा फार, म्हणून शटर पार खाली ओढलं आहे. गाडी हल्ली मामांसारखी घोरते. पिवळा दिवा डोळ्यांत खुपत होता, त्यावर चिकटपट्टी लावली. कूलंट आणलं, की आणायचं आहे? बाबा खुर्चीत बसून दाराकडे बघायचे तसा मी शटरकडे. ताई तू म्हणाली होतीस की मी मी

२३ जानेवारी

चि. सौ. मास्तरीणबाईस,

हे उभ्यानेच वाच आणि आधी गॅरेजमध्ये जा. शटर वर कर, गाडी बंद कर, त्याला बाहेर काढ. मग पुढचं वाच.

तुमचा फोन लागत नाही, म्हणून पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. तुला कळवू नकोस अशी शपथ त्याने घातली होती, ती मोडते. आपण बाबांसारखे होत चाललो आहोत, असं त्याच्या मनाने घेतलं आहे. त्याची पत्रं समोर ठेवली आहेत. दवाखान्यातलं अक्षर सरळ आहे. गॅरेजमधलं चार ओळींत घसरतं, आणि शेवटी सहीसुद्धा न करता तसंच पेटीत टाकलं आहे. गाडी घोरते म्हणजे धुराचा पाइप फुटला आहे. त्या धुरातल्या विषाला वास नसतो. डोकं दुखतं, माणूस बरळतो, मग झोपतो.

आणि रोज लिही, असं मीच त्याला सांगितलं.

दोन ओळी तरी लगेच पाठव.

ताई

२४ जानेवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

पत्र काल संध्याकाळी मिळालं. शटर खाली होतं आणि आतून गाडीचा आवाज येत होता. हे मांडीवर वही घेऊन बसले होते. डोळे उघडे, पण हाकेला ओ नाही. शेजाऱ्यांनी आणि मी ओढून बाहेर काढलं. हॉस्पिटलमध्ये प्राणवायू लावला. थोडा उशीर झाला असता तर गेले असते, असं डॉक्टर म्हणाले. डोक्यावर किती परिणाम झाला ते शुद्धीवर आल्यावरच कळेल, असंही म्हणाले. वहीत 'ती. ताईस' आहे आणि खाली नुसती एक रेघ.

आज सकाळी ते जागे झाले, पाणी प्यायले आणि 'डुबुक' म्हणाले. मी काय म्हणून विचारलं, तर पुन्हा तेच म्हणाले आणि हसले. ताईला कळव, म्हणाले. मला फार भीती वाटते आहे, डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला काही अर्थ लागत असेल तर लगेच कळवा.

आपली
मास्तरीणबाई