आठवी टर्म पक्की

२ जानेवारी, सकाळ
नवीन वर्षाची नवीन रोजनिशी. जुन्या सगळ्या कपाटात पडल्या आहेत, एकही फेब्रुवारीच्या पुढे गेलेली नाही. या वर्षी तसं होणार नाही. रोज पहाटे चालायला जायचं. चहात साखर बंद. आणि सभागृहात एकदा तरी शोकप्रस्ताव सोडून दुसऱ्या कशावर तरी बोलायचं.

सात वेळा निवडून आलो. आठवी निवडणूक मे महिन्यात. तिकीट माझंच, त्यात विचारायचं काय? मोठे साहेब, म्हणजे आमचे पक्षप्रमुख, अजून तसं बोलले नाहीत. पण घरच्या माणसाला कोणी जेवायचं आमंत्रण देतं का!

आज चालायला गेलो नाही. थंडी फार.

९ जानेवारी
अधिवेशन सुरू. विरोधी बाकावरचे कोपर गेले. बोलताना शेजारच्याला कोपर मारायची सवय, म्हणून हे नाव. माझ्यापेक्षा एका टर्मने मोठे.

कोणी गेलं की आमच्या पक्षाकडून मीच बोलायचं, ही जुनी पद्धत. प्रतोद नुसती मान हलवतात, मी उभा. आज सभागृह अक्षरशः हलवलं. अजातशत्रू माणूस. व्यासंगी माणूस. पदं आली-गेली, पाय जमिनीवरच राहिले. त्यांची उणीव भरून निघणार नाही. ही चार वाक्यं कोणालाही बसतात, कुठे सैल नाहीत की कुठे घट्ट नाहीत. कोपर आयुष्यात एक पुस्तक वाचलेला माणूस नव्हे, पण व्यासंगी म्हटल्यावर त्यांचा मुलगा गॅलरीत हुंदके देऊन रडला. मग श्रद्धांजलीसाठी मी सर्वांत आधी उठतो, माझ्यामागे सभागृह उठतं. हाही माझाच मान.

बाहेर प्रतोद म्हणाले, आता सभागृहात सर्वांत ज्येष्ठ तुम्हीच. म्हणताना माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. आदर, दुसरं काय.

१५ जानेवारी
पाणीप्रश्नावर बोलायचं ठरवून गेलो होतो. आदल्या दिवशी फाईल वाचायला घेतली, पण खुर्ची फार आरामाची. आज सभापतींनी नाव पुकारलं तेव्हा मी कँटीनमध्ये. चहा साखरेचाच घ्यावा लागला, तिथे सवयीने आधीच टाकून देतात.

पुढच्या अधिवेशनात नक्की.

२१ जानेवारी
अंगरक्षक काढून घेतला. बिचारा सलाम करून गेला. वरून आदेश म्हणे, तुमच्या जिवाला आता धोका नाही.

हे वाचून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. गाडीत त्याची जागा रिकामी दिसते, तिथे सारखं लक्ष जातं. पण विचार केला तर हा सन्मानच आहे. ज्याला शत्रूच नाही त्याला बंदूक कशाला?

२९ जानेवारी
पक्ष कार्यालयात गेलो. जिन्याच्या भिंतीवरचा माझा फोटो नाही. तिथे फिकट चौकोन उरलाय. शिपायाला विचारलं. म्हणाला, भिंतीला रंग द्यायचाय. म्हटलं, मग बाकीचे फोटो? म्हणाला, ते नंतर. ज्येष्ठतेप्रमाणे काढताहेत बहुतेक. शिस्त आहे आमच्या पक्षात.

रंगाचा डबा काही दिसला नाही.

५ फेब्रुवारी
घरात काहीतरी शिजतंय. मी खोलीत गेलो की बोलणं तुटतं. चिरंजीव मोबाइल पालथा ठेवतात. ही माझ्याकडे बघते आणि मी बघितलं की मीठ आणायला उठते. मीठ टेबलावरच असतं.

सूनबाई दातांची डॉक्टर. आता दुपारी दवाखाना बंद ठेवून कुठेतरी जाते. माझा स्वीय सहायक, त्याला मी सावली म्हणतो, तो तिच्यासाठी गाडीचं दार उघडतो. आज जेवताना तिने विचारलं, बाबा, नदीवरच्या पुलाचं नेमकं अडलंय कुठे? मी सांगितलं, अडलेलं काही नाही, तीनदा पायाभरणी केली आहे मी. ती म्हणाली, म्हणजे पूल नाहीच. मी म्हटलं, बाळ, ते दगड एकापुढे एक मांडले तरी अर्धी नदी पार होईल. ती हसली नाही. तिने मोबाइलमध्ये काहीतरी टिपून घेतलं.

माझ्या प्रचाराची गुपचूप तयारी चालली असणार. गुणी पोरगी. आपणही काही कळलं नाही असं दाखवायचं.

११ फेब्रुवारी
अक्षर खराब आहे.

पक्षाची बैठक होती. आधी खजिनदार भेटले. म्हणाले, तुमच्यासारखा अजातशत्रू माणूस होणे नाही. बरं वाटलं. मग चहाच्या वेळी युवक आघाडीचा पुढारी आला, म्हणाला, तुमच्याइतका व्यासंगी माणूस पक्षात नाही. जरा चमकलो. निघताना मोठे साहेब दारापर्यंत आले. ते दारापर्यंत कोणासाठी येत नाहीत. खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, काय वाटेल ते झालं तरी तुमची उणीव भरून निघणार नाही.

गाडीत बसल्यावर लक्षात आलं. ही वाक्यं माझी आहेत. इतक्या वर्षांत मी ती एकाही जिवंत माणसासाठी वापरलेली नाहीत.

१२ फेब्रुवारी
कळलं. डिसेंबरात सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. रिपोर्ट चिरंजीवांनी आणले, सगळं ठीक आहे म्हणाले आणि विषय बदलला. तेव्हा मी क्रिकेट बघत होतो, लक्ष दिलं नाही. म्हणून कुजबुज. म्हणून अंगरक्षक काढला, मरणाऱ्याला कसला धोका. म्हणून भिंत रिकामी.

हिला सरळ विचारलं, माझ्यापासून काय लपवताय? हिच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, माझ्या तोंडून नको, तुम्ही मोठ्या साहेबांनाच विचारा. आणि स्वयंपाकघरात निघून गेली. माझा आजार बायकोच्या आधी पक्षाला माहीत!

मला भीती वाटते. हे कुठे बोललो नाही, इथे लिहितो. किती जणांना मी पोहोचवलं, त्या प्रत्येकाच्या मुलाला गॅलरीत रडताना पाहिलं आणि मनात आपलं भाषण कसं झालं याचाच हिशेब. माझ्यावर कोण बोलेल? प्रतोद बोलतील. त्यांना धड आवाजही नाही.

१६ फेब्रुवारी
एकटाच डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, मन घट्ट केलंय, किती महिने ते सांगा. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. पुन्हा सगळं तपासलं. म्हणाले, साखर थोडी जास्त आहे, चालत जा. बाकी वीस वर्षं तरी तुम्हाला काही होत नाही.

वीस वर्षं! दवाखान्यापासून घरापर्यंत चालत आलो. वाटेत दोनदा बसलो, पण चालत.

आता शांतपणे विचार केला. आजार नाही. तरी सगळे काहीतरी लपवतात, हिला रडू येतं, मोठे साहेब दारापर्यंत येतात. मग उरतं एकच. मंत्रिपद. सात टर्म बाहेर ठेवलं त्याचं त्यांना वाईट वाटत असणार, म्हणून तो गहिवर. आणि हिचं ते आनंदाचं रडू. किती खुळा मी!

शिंप्याकडे शपथविधीचा सूट टाकला. कारण विचारल्यावर नुसता हसलो.

३ मार्च
सावलीने फोटोग्राफर आणला. प्रचाराचे फोटो. मी खुर्चीत, सूनबाई शेजारी उभी. मग सावली म्हणाला, ताई, तुम्ही बसा, साहेब मागे उभे राहतील. घराणं दिसलं पाहिजे म्हणे. मग म्हणाला, साहेब, जरा मागे. आणखी जरा. पाठ पडद्याला लागली तेव्हा म्हणाला, आता छान. चेहऱ्यावर आशीर्वाद आणा.

आणला. आशीर्वादाचा चेहरा मला जमतो.

१२ मार्च
तिकीट अजून जाहीर नाही. दिवाणखान्यात पूर्वी चपला काढायला जागा नसायची. आज दिवसभरात एकच माणूस आला, तोही पंखा दुरुस्त करायला. त्याला बसवून घेतलं, पुलाची सगळी हकीकत सांगितली. तो शिडीवरून हो हो म्हणत होता. काही काम असेल तर सांग, म्हटलं. म्हणाला, साहेब, बटण चालू करून बघता का?

सावली फोन उचलत नाही. दौऱ्यात असेल. पण त्याचा दौरा म्हणजे माझाच ना? मी तर घरी आहे.

२० मार्च
सावली येऊन गेला, उभ्या उभ्याच. रविवारी मोठा मेळावा, उमेदवार जाहीर होणार. तुम्ही मंचावर मधोमध, मोठ्या साहेबांच्या शेजारी. बघा! महिनाभर उगाच जीव टांगणीला लावून घेतला.

भाषण तयार करतोय. पुलापासून सुरुवात. शोकाचा एक शब्द नको.

२६ मार्च, सकाळ
कालचा मेळावा. जसं झालं तसं लिहितो.

मंडप गच्च. मोठे साहेब माझ्यावर बोलायला उभे राहिले. अजातशत्रू म्हणाले. व्यासंगी म्हणाले. पदं आली-गेली, पाय जमिनीवरच राहिले म्हणाले. इतका वेळ टाळ्या. मग आवाज खाली आणून म्हणाले, त्यांची उणीव भरून निघणार नाही. आणि थांबले. सगळं चिडीचूप.

मी उठलो. मान खाली, हात समोर बांधलेले. इतक्या वर्षांची सवय, पाय आपोआप उठतात. माझ्यामागे मंच उठला, मंचामागे सगळी सभा उठली. हजारो माणसं मान खाली घालून उभी. बसायचं कधी ते कोणालाच कळेना, कारण ते मीच ठरवतो आणि माझी मान खाली. समोरून एका बाईने दबक्या आवाजात विचारलं, कोण गेलं हो? तिच्या नवऱ्याने मंचाकडे बोट दाखवलं. त्या शांततेत मला सगळं कळलं. अंगरक्षक, भिंत, मीठ, सगळं.

शेवटी मोठे साहेब माईकवर हळूच म्हणाले, बसून घ्या. मग सूनबाईचं नाव जाहीर केलं. ती माझ्याकडे बघत होती, डोळे भरलेले. टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या.

पण राजकारणात असं काही कायमचं नसतं. मला वरच्या सभागृहात पाठवायचा विचार असणार, म्हणून इथली जागा मोकळी केली. सावलीला म्हटलं, मोठ्या साहेबांची वेळ घे. म्हणाला, ताईंना विचारून सांगतो.

३ जून
ती निवडून आली. मला कधी मिळाली नव्हती इतकी मतं. नदीच्या पलीकडच्या गावांनी तर भरभरून दिली.

दिवाणखाना पुन्हा गजबजला. सकाळी बाहेर जिन्यापर्यंत माणसं. सवयीने केस विंचरून बाहेर आलो, हसत सगळ्यांना नमस्कार केला. दोघा-चौघांनी केला परत. बाकीचे माझ्यामागच्या दाराकडे बघत होते. बाकावर कडेला थोडी जागा होती, तिथे बसलो.

शेजारी एक गृहस्थ, नवीन वस्तीतले असावेत, मांडीवर पिशवी. त्यांनी विचारलं, ताई किती वाजता भेटतात? म्हटलं, नाश्ता करतेय, येईल. मग त्यांनी मला नीट न्याहाळलं. तुम्ही ताईंचे कोण? तोंडापर्यंत बरंच काही आलं. म्हटलं, सासरा.

ते सरकून जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, मग बाबा, माझ्यासाठी आत एक शब्द टाका ना.

टाकून बघतो, म्हटलं.